पऱ्हाटीजवळचा तास

हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे ज्या मंगरुळाच्या नावापुढे 'पीर' लागला, त्या आमच्या तालुक्याच्या एका खेड्यात, शाळा व्यवस्थापन समितीची सभा आटोपल्यावर, मी आणि समितीचे एक पालक-सदस्य निंबाच्या पारावर बसलो होतो. आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी रोजचा एक तास शाळेमागच्या अर्ध्या एकरातील कपाशीत घेण्याची तजवीज ज्यात मी केली होती, तो माझा मसुदा त्यांच्या मांडीवर घडी घालून पडला होता. या गृहस्थांना सारे गाव भाऊ म्हणते. चार एकर कोरडवाहू रान, घरी शाळेत जाणारा एक मुलगा, एवढा त्यांचा संसार. समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असावा, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ठरविले, म्हणून त्यांच्या संमतीवाचून माझ्या मसुद्याला अर्थ नव्हता. त्यांची वऱ्हाडी मी येथे बहुतांशी ग्रांथिक करून लिहितो, आणि तसे करताना काय गमावतो याची मला जाणीव आहे.

"गुरुजी," भाऊ म्हणाले, "वेचणीच्या दिवसांत पोरगा आधीच शाळा बुडवून वावरात असतो. तो शाळेत आल्यावरही त्याच्या हाती बोंडच द्यायचे, तर त्याला शाळेत धाडायचे कशाला?"

"पाहणे निराळे आणि जाणणे निराळे, भाऊ. क्विंटलभर कापसातून रुई निघते ती सुमारे ३४ किलो आणि उरते ती बहुतेक सरकी, हे ज्याने स्वतः तोलून पाहिले त्याला शेकडेवारी निराळी शिकवावी लागत नाही. वैशाखात आपल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या मातीचे सूक्ष्म कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळून आक्रसतात म्हणून. हा पदार्थविज्ञानाचा धडाच पायाखाली पडलेला आहे. आणि २०१७ साल आठवा. त्या साली गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीलाही जुमानले नाही, आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसे विषबाधेने दगावली. औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा, एवढे शेतकऱ्याच्या मुलाला शाळेने सांगू नये काय?"

भाऊ बराच वेळ बोलले नाहीत. त्या साली त्यांनीही पाठीवर पंप बांधून फवारणी केली होती.

"सांगावे," ते शेवटी म्हणाले. "पण त्रिकोणाखालची बारीक अक्षरे वाचायला आधी वाचता यावे लागते. वर्षाचे दिवस २२० आणि तास १०००, असे तुम्हीच सभेत वाचून दाखविले. तास तर तुम्ही वाढविला नाही. मग कापला कोणता?"

हाच प्रश्न मी टाळीत आलो होतो. सर्वांगीण शिक्षण हा शब्द उच्चारताना आपल्या मनात केवळ बेरीज असते, आणि वेळापत्रकाचा कागद पुढे ओढला की सगळी वजाबाकी असते. आठवड्यातून मराठीचे दोन, गणिताचे दोन आणि इंग्रजीचे दोन तास मी काढले होते. तसे त्यांना सांगितले, आणि आधारासाठी वर्ध्याचा दाखला दिला. १९३७ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे परिषद भरली, झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रमाचा खर्डा केला, आणि साडेपाच तासांच्या शाळेतून तब्बल ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला देऊन मातृभाषेला ४० मिनिटे ठेवली. (तांड्यावरून येणाऱ्या ज्या मुलाच्या घरी गोरमाटी बोलतात, त्याला तर मातृभाषेचा म्हणून जो तास मिळतो, त्यात त्याच्या आईची भाषा नसतेच, पण तो विषय स्वतंत्र मांडण्याइतका मोठा आहे.)

"बापाचा धंदा शाळेवाचूनही मिळतच होता, गुरुजी. कोष्ट्याच्या पोराला माग मिळाला, सुताराच्या पोराला वाकस मिळाला. मिळाली नाही ती पाटी."

मी जोतीराव फुल्यांचे नाव काढले. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेसाठी शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले होते, आणि जमेल तेथे शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेतही असावे, असे म्हटले होते.

"आणखी काय मागितले होते?"

मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता येणे, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, व्याकरण, नीती, आरोग्य: मला सारी यादी सांगावी लागली.

"म्हणजे त्यांनी शेती मागितली ती व्याकरणासकट. तुम्ही व्याकरण कापून देता."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही पुरते नाही. इतकी वर्षे ज्याला मी मातीशी इमान समजत आलो, त्यात कोणाच्या तरी वाटेवर कुंपण घालणेही असू शकते, हे एका कास्तकाराने मला आपल्या मुलाच्या काळजीपोटी दाखविले. मग मी दुसरे टोक धरले. ज्याच्या घरी जे नाही तेच शाळेने द्यावे. शेतकऱ्याच्या मुलाला व्याकरण, बीजगणित, इंग्रजी, आणि कापूस मुळीच नको. भाऊंना यात समाधान वाटेल अशी माझी अपेक्षा होती. पण त्यांचा चेहरा उतरला.

"तसेही नका करू. मग पोरगा समजेल, आपल्या घरी जे आहे ते विद्याच नाही. आताच तो मित्रांदेखत माझ्याशी वऱ्हाडी बोलायला लाजतो."

निंबाखाली अंधारून आले होते. भाऊंनी मसुदा उलगडला, त्याच्या माथ्यावरची ओळ बोट ठेवून वाचली, आणि मी येथे ग्रांथिक करू इच्छीत नाही असा प्रश्न विचारला:

"गुरुजी, ज्या तासाले माह्यं पोट्टं पऱ्हाटीपाशी बसन, त्या तासाले मंगरुळातल्या वकिलाचं पोट्टं कुठी बसन?"

माथ्यावर मी ठळक अक्षरांत 'ग्रामीण शाळांकरिता' असे लिहिले होते. भाऊंच्या खिशातले पेन मागून घेऊन मी ते दोन शब्द खोडले, आणि त्यांच्या जागी काय लिहावे हे न सुचून कागद तसाच त्यांच्या हाती परत दिला.