गाळण्यावरचा जीव

परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळ नेमगिरीच्या गुंफांत तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती आहेत. तीर्थंकर नेमिनाथांची कथा जैनांत घरोघरी ठाऊक आहे: लग्नाच्या पंगतीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ते वरातीतूनच माघारी फिरले. ते पशू निदान दिसत तरी होते. जैन घरांत पाणी दुहेरी कापडातून गाळतात आणि कापडावर उरलेले, धड न दिसणारे जीवही जिथले पाणी तिथेच हळुवार परत सोडतात.

त्यांतलाच एक सायक्लॉप्स. जेमतेम १-२ मिलिमीटरचा, एकाच डोळ्याचा, कोळंबीच्या गणगोतातला. मादी अंड्यांच्या दोन पिशव्या अंगावर वागवते. पिल्लू ११ वेळा कात टाकून प्रौढ होते. त्याचे आर्क्टिक समुद्रातले भाऊबंद उन्हाळ्यात शैवाल खाऊन अंगात तेल साठवतात आणि लांबलचक हिवाळा खोल पाण्यात निपचित काढतात. प्रचंड देवमासे त्यांच्यावर पोसतात.

विहिरीतल्या सायक्लॉप्सला मात्र नारू या जंताच्या रोगाचा डाग लागला. नारू झालेला माणूस बारवेत उतरला की पायाच्या फोडातून जंताची असंख्य पिल्ले पाण्यात पडत. सायक्लॉप्स ती गिळे. ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात सायक्लॉप्स मरे, जंत तगे आणि सुमारे वर्षाने दोन-तीन फुटांची मादी कातडी फोडून बाहेर येई.

मग गाळलेला जीव परत विहिरीत सोडणे ही दया की शेजाऱ्यावर आणलेले संकट?

प्रश्न खरा आहे. गाळणारा वाचला, न गाळणाऱ्याच्या घागरीत तोच सायक्लॉप्स गेला. पण दोष दयेचा नव्हे, ती एकाच उंबरठ्याच्या आत थांबली याचा आहे. सगळा गाव गाळून प्यायला आणि फोड आलेला माणूस पाण्यात उतरला नाही, तर साखळी तुटते, सायक्लॉप्सही जगतो.

१९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हेच गावोगाव नेले: गाळण्या वाटल्या, पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, हातपंप बसवले. पाण्यात औषधही टाकले. तिथे सायक्लॉप्स मेले, आणि माणसाच्या वेदनेपुढे ते क्षम्यच होते. तरीही अहिंसेला जवळची वाट गाळणीचीच.

देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. सायक्लॉप्स आजही आपल्या विहिरी-तळ्यांत पोहतो आहे.