परतीचा जामीन

मराठी माणूस घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कोपऱ्यावर कोथिंबिरीची जुडी आणायला निघाला तरी ‘येतो’. चुकून ‘जातो’ म्हणालाच, तर घरातलं वडीलधारं माणूस लगेच दटावतं, “येतो म्हणावं रे!” हा एक तोंडी जामीनच आहे. बी.कॉम.ला आम्हाला करार, हमी, तारण असं पुष्कळ शिकवलं. हा जामीन मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हता. त्याची मुदत किती, आणि तो बुडाला तर दावा कोणी कोणावर लावायचा, हा प्रश्न मला एका मोटारसायकलीमुळे पडला.

आमचं सुपं पारनेर तालुक्यातलं, नगर-पुणे रस्त्यावरचं. (नगरचं २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण जिभेला अजून सरकारी आदेश पोचलेला नाही.) एकीकडे एम.आय.डी.सी., दुसरीकडे डोंगरावर पवनचक्क्या. दिवसभर गरगर फिरायचं आणि जागचं इंचभर हलायचं नाही, हे पवनचक्कीचं काम पाहिलं की मला आमची शाखा आठवते. अशा गावातल्या एका जोडप्यानं मोटारसायकलवरून आफ्रिका खंड वरून खाली उतरायचं ठरवलं. मोंबासा ते केप टाऊन!

भाऊसाहेब कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या. आफ्रिकाच का, याचं भाऊसाहेबांकडे उत्तर तयार होतं. पश्चिमेला पाकिस्तानचा रस्ता आपल्याला बंद. चीनमधून जायचं तर सरहद्दीपासून सरहद्दीपर्यंत पगारी वाटाड्या बरोबर हवा. म्हणजे लग्नाला तीस वर्षं झाल्यावर नवराबायकोच्या मध्ये तिसरा माणूस! उलट केनिया, टांझानिया, झांबिया, दक्षिण आफ्रिका, सगळीकडे आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक. शिवाय पूर्व आफ्रिकेत भाड्यानं माणसं वाहणाऱ्या मोटारसायकली पुष्कळशा आपल्या बजाजच्याच. “बिघडली तर माहेरची माणसं आहेत तिकडे,” असं वहिनींचं म्हणणं. १९३४ च्या डिसेंबरात थेरेसा वॉलाक आणि फ्लोरेन्स ब्लेंकिरॉन या दोन बाया लंडनहून मोटारसायकलवर निघाल्या आणि सहारा ओलांडून १९३५ च्या जुलैत केप टाऊनला पोचल्या, हेही वहिनींनीच मला सांगितलं. त्या पंक्चर काढायला शिकल्या. पारनेरच्या रस्त्यावर ज्वारीची दोन पोती गाडीला दोन्ही बाजूंनी लटकवून दोघांनी सराव केला. नगरच्या आर.टी.ओ.तून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना आला. पीतज्वराची लसही घेऊन झाली. ती दहा दिवसांनी लागू पडते. आणि तिकडून परतताना तिचा दाखला नसला तर आपलंच सरकार आपल्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं.

गावाला या तयारीचं कौतुक दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर प्रश्न आला, “आणि म्हातारीचं काय?”

भाऊसाहेबांची आई चौऱ्याऐंशीची. हिंडतीफिरती, पण गुडघे गेलेले. चार महिने शिरूरची लेक येऊन राहणार, औषधांच्या चिठ्ठ्या भिंतीला चिकटवलेल्या, सगळं ठरलेलं. तरी गावाचं समाधान होईना. बरं, याच गावातली पोरं अमेरिकेला गेली आहेत. पंधरा-पंधरा वर्षं आलेली नाहीत. त्यांच्या आयांना म्हणे मंडळी हेवा वाटून विचारतात, “काय, पोरगा डॉलरमध्ये ना?” म्हणजे पैशासाठी आईला पंधरा वर्षं सोडलं तर कर्तबगारी, आनंदासाठी चार महिने सोडलं तर पाप. हा व्याजदर कोणी ठरवला, ते मला बँकेत असूनही कळलेलं नाही.

वारीला गेलेलं चालतं. पण पंढरीचा देव विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईबापांची सेवा सोडून उठला नाही म्हणून. आणि त्या देवाला भेटायला आपण आईबापांना घरी ठेवून पायी निघतो! यात विसंगती आहे असं मी एका माळकऱ्याला सुचवून पाहिलं. “तुमचं वाचन जास्त झालंय,” एवढंच तो म्हणाला.

वाचनावरून आठवलं. वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फिटावं म्हणून दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले आणि नेमके १८५७ च्या बंडात सापडले. कमाई लुटली गेली. परत आले ते कावडीतून गंगा घेऊन, आणि तिनं आईबापांना स्नान घातलं. ‘माझा प्रवास’ वाचून आपण म्हणतो, वा, काय मुलगा! तो मधे कुठे मारला गेला असता, तर हेच आपण काय म्हटलं असतं? जाणं बरोबर होतं की चूक, हे परत येण्यावर ठरावं, हे मला पटत नाही. पण दुसरी फूटपट्टीही सापडत नाही. शिवाय त्या शिरूरच्या लेकीला कोणीच काही विचारलेलं नाही. लक्ष्मणाचं नाव झालं. उर्मिलेच्या चौदा वर्षांची हजेरी कोणी मांडली?

तर बँक. परदेशात गाडी नेताना ‘कार्ने’ नावाचं पुस्तक लागतं, म्हणजे गाडीचा पासपोर्टच. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ते देते. दर पानाचे तीन तुकडे: एक देशात शिरताना जकातवाला फाडतो, दुसरा बाहेर पडताना, तिसरा शिक्क्यासकट आपल्याकडे राहतो. मुदत एक वर्ष. गाडी तिकडेच विकली वा राहिली तर तिथली जकात संस्थेनं भरायची. म्हणून संस्था आपल्याकडून बँकेची हमी मागते. आता २०२५ च्या ऑगस्टात मुंबईहून इंग्लंडला पोचलेल्या एका मराठी स्वाराची मोटारसायकल नॉटिंगहॅममध्ये चोरीला गेली. स्वार सुखरूप, गाडी गायब. म्हणजे लोखंडाच्या परतण्याला हमीपत्र लागतं, ते बरोबरच आहे. माणसाच्या परतण्याला हमीपत्र मागणारा कागद मात्र मी सव्वीस वर्षांत पाहिलेला नाही.

हमीसाठी मुदतठेव तारण हवी. भाऊसाहेबांची एकच पुरेशी ठेव, ती आईबरोबर संयुक्त नावावर, आईच्या आजारपणासाठी बाजूला काढलेली. तारण ठेवायला दोघांचीही सही लागते. तेव्हा आजी रिक्षातून शाखेत आल्या. भाऊसाहेब दाराशीच थांबले. “मी समोर असलो तर ती नाही म्हणायची नाही,” असं म्हणाले. हे मला आवडलं.

कागद इंग्रजीत, म्हणून मराठीत समजावून सांगणं माझ्याकडे आलं. गाडी परत आली नाही तर यातले पैसे जातील, मधे तुम्हाला गरज लागली तरी काढता येणार नाहीत, सगळं सांगितलं.

“मी सही नाय केली तर?”

“तर त्यांना जाता येणार नाही.”

“मग काय करतील?”

“घरीच राहतील.”

“माझ्याकडं बघत?” आजी थोडा वेळ गप्प बसल्या. “बाबा, मागल्या साली मी पडले, तवा दोघं दोन महिने खाटंजवळ बसली होती. मला उचकी लागली तरी दोघं उठायची. लई जीव घाबरायचा माझा.”

मी म्हटलं, “आजी, घाई नाही. विचार करून उद्या या.”

“उद्या रिक्षाचे ऐंशी रुपये तू देशील?”

मग त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, आणि विचारलं, “ह्यात अडकलं तरी व्याज मिळंल ना?”

“मिळेल. पूर्वीसारखंच.”

“लेकीच्या खात्यावर लाव. शिरूरच्या.”

त्यासाठी वेगळा अर्ज लागतो आणि त्यावरही दोघांची सही लागते. मी अर्ज काढला आणि भाऊसाहेबांना आत बोलावलं.