विचारणे एकदाच पुरते काय?

दुसऱ्याच्या पैशाने तिसऱ्याचे घर उभारायचे, हे काम वाटते तितके सरळ नाही. पैसा देणारा दूर असतो, घरात राहणारा अडचणीत असतो आणि या दोघांच्या मध्ये कारभारी असतो. तो शासनाचा अधिकारी असेल, एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता असेल किंवा धर्मग्रामाच्या मदत समितीचा सभासदही असेल. कारभाऱ्याने पैशाला हात लावू नये, हे सर्वांनाच मान्य आहे. परंतु प्रामाणिकपणा तेथेच संपतो काय? पै-पैचा हिशेब चोख आहे, भिंती पक्क्या आहेत, आणि दाराला मात्र कुलूप आहे. अशा वेळी कारभाऱ्याने आपले कर्तव्य पार पाडले असे म्हणावे काय? २०२५ च्या पावसाळ्यात लातूर, नांदेड, धाराशिव या जिल्ह्यांत पुराने घरे पाडली आणि नुकसानीचे पंचनामे पुन्हा करावे लागले. म्हणून हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

मराठवाड्याच्या गाठी या बाबतीत मोठा अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. सुमारे ८,००० माणसे मृत्यू पावली. ज्या माळवदाने पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून राखले, त्याचीच माती आणि दगडी भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. पुढे १९९४ साली महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. बँकेचा वाटा २४ कोटी ६० लाख डॉलरचा होता. ते दान नव्हते, कर्ज होते. म्हणजे शेवटी देणारी या देशातील सामान्य जनताच होती. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील ५२ उद्ध्वस्त गावे नव्या जागी वसवायची, काही गावे जागेवरच पुन्हा बांधायची आणि सुमारे २,५०० गावांतील सुमारे २,००,००० घरांची दुरुस्ती व मजबुती करायची, असा त्याचा आराखडा होता.

नव्या जागी वसवलेल्या गावांत घरे भक्कम झाली, हे मान्य केलेच पाहिजे. रस्ते रुंद व सरळ आखले गेले. तथापि जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट जमिनीवर पसरलेल्या त्या वसाहतींत शेजार दूर गेला. बैल कोठे बांधावेत, कडब्याची गंजी कोठे रचावी, धान्याचे बळद कोठे असावे, हे नकाशा काढणाऱ्याला सुचले नव्हते. काही घरे धान्य आणि कडबा ठेवण्यापुरती उरली, तर काहींच्या पुढे पत्र्याची शेड उभारून माणसे तेथेच वावरू लागली. शिवाय घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले. भूमिहीनास व अल्पभूधारकास २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४०० आणि मोठ्या शेतकऱ्यास ७५०. भूकंपाने ढिगाऱ्याखाली सर्वांना एका रांगेत आणले होते. अनुदानाने पुन्हा पायऱ्या बांधल्या. मोठ्या शेतकऱ्याचे अधिक गेले म्हणून त्यास अधिक, हा एक न्याय झाला. ज्याच्याजवळ काहीच उरले नाही त्याची गरज मोठी, हा दुसरा. यांपैकी पहिलाच का निवडला, याचे उत्तर भूमिहीनास मिळावयास हवे होते.

यावर कोणी म्हणेल, की ‘लोकांना विचारले नाही म्हणून असे झाले.’ पण गोष्ट इतकी सोपी नाही. जुने गाव सोडण्याची मागणी पुष्कळ ठिकाणी गावकऱ्यांचीच होती. ज्या भुईने लेकरे गिळली, त्या भुईवर पुन्हा चूल मांडावी असे कोणाला वाटेल? पहिल्या महिन्यातील ती मागणी खरीच होती. पण शोकाच्या भरात माणूस जे मागतो, तेच तो तिसऱ्या वर्षी मागेल असे नाही. तोवर शेत, विहीर, देवस्थान, शेजारची वहिनी ही सारी त्याला पुन्हा आठवू लागतात. आमच्या मते खरी नैतिक अडचण येथे आहे. एकदा विचारून, सही-अंगठा घेऊन, कारभारी मोकळा होतो काय? आम्हांस वाटते, होत नाही.

दुरुस्तीच्या कार्यक्रमात ही अडचण बरीच हलकी झाली, याचे कारण त्याच्या घडणीतच होते. तेथे घरमालक स्वतः काम करून घेई आणि अनुदान हप्त्याहप्त्याने मिळे. एक टप्पा पुरा झाला, पाहणी झाली, की पुढचा हप्ता. प्रत्येक हप्ता म्हणजे पुन्हा विचारण्याची एक वेळ होती. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद साहाय्यक’ झाल्या. इंजिनिअरचे म्हणणे घरापर्यंत आणि घरातले म्हणणे इंजिनिअरपर्यंत पोचविणे, हे त्यांचे काम. घरात दिवसभर वावरणाऱ्या स्त्रीला भिंत कोठे हवी हे विचारले गेले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

नांदेड शहराचा अनुभव वेगळा आहे. २००५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेत महाराष्ट्रातील पाच शहरांत नांदेडचा समावेश होता. त्या योजनेत गरिबांना घर फुकट द्यायचे नाही, लाभार्थ्याने किमान १२ टक्के, आणि मागास व दुर्बल घटकांतील असल्यास १० टक्के, वाटा उचलावा, असा नियम होता. ज्याने वाटा दिला त्याला ‘हे असे का?’ असे विचारण्याचे बळ येते. पण ज्या विधवेपाशी तो वाटाच नाही, तिचे दार त्याच नियमाने बंद होते. तेव्हा वाटा मागणाऱ्याने, तो ज्याला देता येत नाही त्याच्यासाठी दुसरी वाट आधीच मोकळी ठेवली पाहिजे.

घाईचा मोहही येथेच नव्हे, सर्वत्र आहे. २००८ साली अमेरिकेत कर्ज थकल्याने बँकांनी ताब्यात घेतलेली असंख्य घरे ओस पडली, तेव्हा तेथील केंद्र शासनाने ती विकत घेऊन वस्त्या सावरण्यासाठी सुमारे ३९२ कोटी डॉलर दिले. एक चतुर्थांश रक्कम अगदी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वापरावी, ही अट चांगली होती. पण सारी रक्कम अठरा महिन्यांत कामाला बांधावी, अशीही अट होती. मुदतीमुळे पैसा दाबून बसणाऱ्यास चाप बसतो, हे खरे. पण त्याच मुदतीने घरोघर जाऊन सावकाश विचारणाऱ्याचेही हात बांधले जातात. आणि इकडे पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढणाऱ्यास ‘थांब, आम्ही अजून विचारतो आहोत’ असे सांगणे, हीही निर्दयताच आहे.

मग मार्ग कोणता? निवारा ताबडतोब द्यावा; कायमच्या घरासाठी मात्र रक्कम टप्प्यांनी द्यावी. थोडी रक्कम, घरात राहायला गेल्यावर वर्षभराने करावयाच्या फेरबदलांसाठी बाजूला ठेवावी. आणि हिशेबाच्या वहीत ‘घरे बांधली’ या रकान्याशेजारी ‘घरांत माणसे राहतात’ हा आणखी एक रकाना असावा. आपल्या धर्मग्रामात पूरग्रस्तांसाठी पुढच्या वेळी वर्गणी जमेल, तेव्हा समितीने हा दुसरा रकाना कोण भरणार आणि केव्हा, हे आधीच ठरवून घ्यावे. त्यासाठी वर्षभराने कोणालातरी त्या दारापर्यंत पुन्हा जावे लागेल.