जुन्या पोर्शेबद्दल भाच्याला पत्र

मुरबाड



ताईचा काल फोन आला. ती रागावलेली नाही, घाबरलेली आहे. "तू आयुष्यभर मुंबईत परदेशी गाड्यांच्या वर्कशॉपात काम केलंस, तूच त्याला काय ते सांग," एवढंच म्हणाली. तू पाठवलेले फोटो मी नीट पाहिले. 2007 ची पोर्शे 911 कॅरेरा एस, आणि दलाल मागतोय पंचेचाळीस लाख. गाडी देखणी आहे यात वाद नाही. 3.8 लिटरचं इंजिन, 355 अश्वशक्ती, आणि ते इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. त्या इंजिनाचा आवाज एकदा कानात बसला की माणसाचं मन दुसऱ्या गाडीत रमत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तुझ्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. फक्त ती गाडी खर्डीच्या घरी आणून उभी केल्यावर पुढे काय काय होतं, ते सांगतो.

पहिली गोष्ट मनात पक्की कर. जुनी गाडी विकत घेताना भाव जुन्या गाडीचा लागतो, पण सांभाळताना खर्च नव्या गाडीचाच येतो. आज नवी 911 दोन कोटींच्या घरात आहे. तुझी पंचेचाळीस लाखांना मिळतेय, तरी तिचे ब्रेक, शॉकअॅब्सॉर्बर, सेन्सर दोन कोटींच्या गाडीच्या घराण्यातले आहेत. ते परदेशातून येतात आणि कर भरून येतात. परदेशी गाडीवरचा कर किती जड असतो, हे आपल्याकडे सगळ्यांनी सचिन तेंडुलकरच्या फेरारीच्या वेळी पाहिलं. भेट मिळालेल्या त्या 360 मोडेनावर आयात शुल्कच सुमारे 1 कोटी 13 लाख होतं. ते माफ झालं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आणि शेवटी ते कंपनीने भरलं. पुढे 2011 मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. सुटे भाग मागवताना असा कर दरवेळी थोडा थोडा आपल्याच खिशातून जातो.

आता या नेमक्या गाडीचं सांगतो. 911 मध्ये 1999 पासून 2008 पर्यंत जी साधी इंजिनं आली (टर्बो आणि जीटी3 सोडून), त्यांच्यात इंटरमीडिएट शाफ्टचं एक बेअरिंग आहे. ते कुठे तरी खोल आत बसलेलं असतं. ते गेलं तर कॅमशाफ्टचं टायमिंग बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि पूर्ण इंजिन जातं. प्रत्येक गाडीत असं होत नाही, बहुतेकींत होतही नाही. पण 2006 नंतरच्या इंजिनांत ते बेअरिंग मोठं केलं, त्यामुळे इंजिन पूर्ण उलगडल्याशिवाय ते बदलताही येत नाही. शिवाय या 3.8 इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याची खोड आहे. तो आजार सुरुवातीला सहज कळत नाही. तेल थोडं जास्त लागतं, एका बाजूच्या सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी जास्त धरते, थंड इंजिनाला टकटक असते. दलालाने गाडी गरम करून ठेवलेली असली की ती टकटक तुला ऐकू येणार नाही. म्हणून गाडी थंड असताना, सकाळी, आधी न कळवता बघायला जा. सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून तपासणी करून दे म्हणावं. नाही म्हणाला तर चहा पिऊन परत ये. 2009 पासून या गाडीचं इंजिन बदललं आणि हे बेअरिंगच त्यात राहिलं नाही. घ्यायचीच झाली तर त्या वर्षानंतरची शोध, पाच-दहा लाख जास्त गेले तरी चालतील.

"फक्त अठरा हजार किलोमीटर पळालीय" हे दलालाने तुला मोठ्या कौतुकाने सांगितलंय. पण अठरा वर्षांत अठरा हजार किलोमीटर चाललेली गाडी बहुतेक वेळ उभीच होती. उभ्या गाडीचे रबरी पाइप कडक होतात, सील सुकतात, पेट्रोल टाकीत शिळं होतं. टायरची नक्षी कोरी दिसते, पण रबर मेलेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते. 2315 लिहिलं असेल तर तो 2015 च्या तेविसाव्या आठवड्यातला. अशा टायरवर समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर ताशी 120 ने जायची कल्पनाही करू नकोस. मागचे टायर 295/30 आर19 मापाचे असतात. चार नवे घ्यायचे तर दीड लाख धरूनच चाल. आणि खरी धाव किती झाली ते पाहायला मीटरवर विसंबू नकोस. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये ते एकूण किती तास चाललं आणि किती वेळा मर्यादेबाहेर ताणलं गेलं याची नोंद असते. योग्य मशीन लावलं की ती निघते.

शर्यतीचा खोंड जसा शर्यत नसली तरी रोज खातो, तशी ही गाडी न चालवतासुद्धा खर्च मागते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती बाहेर काढायची सोयच नाही. एवढा पाऊस, एवढा दमटपणा. ब्रेकच्या डिस्कवर गंज येतो, बॅटरी उतरते, त्यासाठी चार्जर कायम लावून ठेवावा लागतो आणि पावसात वीज गेली की तोही बंद. गोठ्याशेजारच्या पडवीत उभी केलीस तर पेंढ्यातले उंदीर वायरी कुरतडतील. ही गोष्ट तू हसण्यावारी नेशील म्हणून मुद्दाम सांगतो, वायरिंगचा जुडगा बदलायचा खर्च ऐकून भलेभले गप्प बसलेले मी पाहिलेत. 911 चे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात. त्या खाचांत पाला शिरून बसतो, पावसात कुजतो आणि रेडिएटर पोखरतो. साग आणि पळसाच्या रानातून रोज जाणाऱ्या गाडीचं काय होणार, तूच बघ.

रस्त्याचंही तेच. सरकारी मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, म्हणजे चढ हळूहळू येतो. आपल्या वाड्यापाड्यांवरचे गतिरोधक लोकांनी जीव वाचवायला घातलेले आहेत, ते उंच आणि अरुंद. या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम चार इंच. घरापासून हमरस्त्यापर्यंत किती वेळा ते घासेल, ते आधी मोटारसायकलवर जाऊन मोजून ये.

बंद पडली तर दोर बांधून ओढता येणार नाही. सपाट ट्रकवर चढवून मुंबईला न्यावी लागेल, कारण शहापूर, मुरबाडला तर सोडच, कल्याणातही हिला हात लावणारा माणूस सहज मिळणार नाही. आसनगाव, वासिंद, वडपे या पट्ट्यात महामार्गावर अडकलास तर ट्रकवाला वाटेचेही पैसे घेईल. पेट्रोलचंही बघ. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. ही गाडी दहा टक्क्यांपर्यंत चालेल अशी घडवलेली. इथेनॉल नसलेलं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल निघालंय, पण ते मोजक्या पंपांवर, आणि साध्याहून कितीतरी महाग.

विम्याने सगळं भरून निघेल असं समजू नकोस. थर्ड पार्टीचा हप्ता 1500 सीसीच्या वरच्या गाडीला 7,897 रुपये आहे, तो फार नाही. पण स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि दहा वर्षांवरच्या गाडीत धातूच्या भागांचेही निम्मेच. झीज न कापणारी पॉलिसी एवढ्या जुन्या गाडीला सहसा कुणी देत नाही. आणि साचलेल्या पाण्यात इंजिनात पाणी शिरलं तर वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपनी हात वर करते. पावसाळ्यात आपल्या मोऱ्यांवरून पाणी किती जातं ते तुला सांगायला नको.

कागदांकडे तर डोळ्यांत तेल घालून बघ. नोंदणी 2007 ची, म्हणजे पंधरा वर्षं होऊन गेली. फिटनेस करून पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण झालंय का? पर्यावरण कर भरलाय का? नंबर परराज्यातला असेल तर तिकडची एनओसी हवी आणि इथला कर नव्याने भरावा लागेल. महागड्या गाड्या कर वाचवायला पुदुच्चेरीत नोंदवायची चाल होती, त्यातून केरळात सिनेनटांवर गुन्हे दाखल झाले. बारा महिन्यांहून जास्त गाडी इथे ठेवलीस तर इथे नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर आधी तो उतरवून घे, मगच पैसे दे.

आता पैशाबद्दल बोलतो. समृद्धीत गेलेल्या जमिनीचा तुझा वाटा इतकी वर्षं मुदतठेवीत राहिला, हे तू फार चांगलं केलंस. आजूबाजूला किती घरांत तो पैसा दोन वर्षांत संपला, तू पाहिलंस. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला. आता त्याच रस्त्यावरून आपणही मोठी गाडी न्यावी असं तुला वाटणं मी समजू शकतो. ती जमीन तुझ्या आजोबांची होती, तो रस्ता तुझाही आहे. पण त्या जमिनीत दरवर्षी भात पिकायचा. आता त्या जागी दरवर्षी जे येतं, ते व्याज आहे. मुद्दलातून पंचेचाळीस लाख काढलेस तर व्याज कमी होतं, आणि वरून गाडीचा दरवर्षीचा खर्च सुरू होतो. दोन्ही बाजूंनी मार. माझ्या हिशेबाने या गाडीला चांगल्या वर्षी तीन-चार लाख लागतील, वाईट वर्षी त्याच्या तिप्पट-चौपट. गाडीच्या किमतीचा निदान तिसरा हिस्सा बाजूला वेगळा ठेवता येत नसेल तर ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुला वेगच हवा असेल तर स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस शोध. दोन लिटरचं टर्बो इंजिन आहे, चार माणसं आणि डिकीत सामान नेता येतं. काम करणारा ठाण्यात मिळतो आणि ताईला मागच्या सीटवर बसवून गोरखगडाच्या पायथ्यापर्यंत नेता येईल. मुद्दलाला फारसा हात न लावता ती येईल. ती दोन-तीन वर्षं चालव, तिचा खर्च वहीत लिही. त्यानंतरही 911 च हवी असं वाटलं तर 2009 नंतरची शोधायला मी स्वतः तुझ्याबरोबर येईन.

तोवर बयाणा देऊ नकोस. दलाल घाई करेल, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणेल, म्हणू दे. आरसीच्या दोन्ही बाजूंचा आणि चेसिस नंबरचा फोटो मला पाठव, सर्व्हिसची जुनी बिलं माग. बिलं नाहीत म्हणाला तर मला तसं लगेच कळव. रविवारी दुपारी मी घरी आहे, ताईलाही घेऊन ये.

तुझा,
मामा