खरवडलेले चार शब्द

बाराव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात, त्र्वा शहराजवळच्या एका गावी, ज्यू वस्तीतल्या अभ्यासघरात एका हिवाळ्यात दोन माणसं रोज समोरासमोर बसत. एक म्हातारा, डोळ्यांनी पूर्ण आंधळा. दुसरा विशीतला लेखनिक. (माणसं आणि गाव कल्पित आहेत, भोवतालचा इतिहास नाही.)

म्हातारा मूळचा ऱ्हाइनकाठच्या माइन्त्सचा. १०९६ साली क्रुसेडला, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला, निघालेल्या जमावांनी तिथल्या ज्यूंची कत्तल केली तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा होता. घरचं कोणी उरलं नाही, गुरू उरला नाही, पुस्तकं उरली नाहीत. उरलं ते गुरूनं त्याच्याकडून रोज म्हणवून घेतलेलं, तल्मूदच्या ‘बाबा मेत्सिया’ या भागाचं पाठांतर. त्यातला दुसरा अध्याय त्याचा विशेष आवडता. सापडलेली वस्तू कोणाची, कोणती गुपचूप ठेवून घेता येते, कोणतीसाठी दवंडी द्यावी लागते, आणि ज्याची हरवली त्याला हरवल्याचंच कळलं नसेल तर काय, अशी त्यात खडाजंगी आहे.

लेखनिकासमोर त्याच भागाची एक जुनी प्रत होती, चुकांनी भरलेली. गावच्या रब्बींनी काम ठरवून दिलं होतं. मुलानं वाचायचं, म्हाताऱ्यानं ऐकायचं, अडेल तिथे थांबवायचं. आणि मग नवी प्रत करायची.

या व्यवस्थेतली गंमत कळायला थोडं मागं जावं लागेल. तोरा, म्हणजे मूळ धर्मग्रंथ, लिहिलेली, पण तिचा अर्थ, तिच्यावरचे वाद आणि निवाडे, म्हणजेच पुढे तल्मूद झाला ते सगळं, तोंडी, अशी ज्यूंची जुनी वाटणी. जे तोंडानं आलं ते लिहून शिकवू नये असा दंडकच होता. बाबिलोनियातली सूरा आणि पुम्बदिता ही विद्यापीठं पुढे बगदादला हलली, तिथेही तल्मूद म्हटला जाई, ऐकला जाई. आठव्या शतकात सूराचे प्रमुख, म्हणजे गाओन, येहुदाई हे आंधळे होते, आणि त्या पदाला त्याची अडचण वाटली नाही. दहाव्या शतकाच्या मध्यात पुम्बदिताचे गाओन आहारोन सार्जादो यांनी तर मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं, की आमच्या विद्यापीठातल्या बहुतेकांना पुस्तक म्हणजे काय तेच माहीत नाही! आज कुठल्या कुलगुरूंनी असं म्हटलं तर काय होईल, कल्पना करा.

पण बगदादपासून उत्तर आफ्रिकेतलं कैरवान लांब, स्पेन लांब, आणि ऱ्हाइन तर फारच लांब. लांबच्यांना माणूस पाठवता येत नाही, कागद पाठवता येतो. गाओनांकडे प्रश्न येत, उत्तरं लेखी जात, आणि उत्तरांच्या मागोमाग तल्मूदही लेखी होऊन गेला. ९८७ साली गाओन शरीरा यांना कैरवानच्या लोकांना एक लांबलचक पत्र लिहावं लागलं, कारण तिकडून विचारणा झाली होती की हे सगळं नेमकं केव्हा आणि कसं लिहिलं गेलं? असा प्रश्न पुस्तक हातात धरलेल्यालाच पडतो.

युरोपात तल्मूद पोचला तो पुस्तक म्हणूनच. त्यात विरामचिन्हं नाहीत, स्वरांच्या खुणा नाहीत. एखादं वाक्य विधान आहे, प्रश्न आहे की टोमणा, हे बगदादमध्ये म्हणणाऱ्याच्या आवाजावरून कळे. इथे कातड्यावरची अक्षरं गप्प. त्र्वाच्या रब्बी श्लोमोंनी, म्हणजे राशींनी (१०४०–११०५), आयुष्यभर खपून जे भाष्य लिहिलं त्यात त्यांनी हा गेलेला आवाजच भरून काढला असं मला वाटतं. हे आश्चर्यानं विचारलंय, इथे वाक्य तुटतं, इथे असं वाचा. दुरुस्त्या त्यांनी भाष्यात लिहिल्या. मूळ पोथीला हात लावला नाही. पण शिष्य घाईचे. त्यांनी गुरूच्या दुरुस्त्या सरळ पोथ्यांत घातल्या. राशींचा नातू रब्बेनू ताम यावर भयंकर संतापला. त्याच्या संतापातून त्याचा सख्खा थोरला भाऊ श्मुएलसुद्धा सुटला नाही. आजोबांनी एक जागा सुधारली तर यानं वीस, आणि वर मूळ शब्द खोडले, अशी त्याची तक्रार होती. सुचतंय ते वेगळं लिहा, जुनं वाचन राहू द्या, एवढंच त्याचं मागणं होतं.

आपल्या लेखनिकाला हे सगळं ठाऊक होतं. रब्बेनू तामचं गाव तिथून लांबही नव्हतं. पण पोरगा हुशार होता, आणि हुशार माणसाला नियम दुसऱ्यांसाठी केलेले वाटतात.

दुसऱ्या अध्यायात एका जागी तो अडला. चार शब्द मागच्याच ओळीतल्यासारखे होते, किंचित फरकानं पुन्हा आलेले. ऐकणाऱ्याला अशी पुनरुक्ती धरायला लागते, तोंडी परंपरेत तिच्यावाचून चालत नाही. डोळ्यांनी वाचणाऱ्याला मात्र ती खुपते. पोराला वाटलं, नकलून घेताना आधीच्या लेखनिकाची नजर घसरली आणि तीच ओळ पुन्हा उतरली. चूक उघड होती. त्यानं चाकू घेतला, कातडं ताणून धरलं आणि चारही शब्द खरवडून टाकले. मोकळ्या जागेवरून एक रेघ ओढली, म्हणजे वाचणारा न अडता पुढे जाईल.

दुसऱ्या दिवशी त्या जागी म्हाताऱ्यानं हात वर केला. “इथं काहीतरी राहिलं रे.”

“नाही आजोबा. मागचंच पुन्हा आलं होतं, चुकून. मी काढलं.”

“असं?” म्हातारा जरा वेळ डुलत राहिला. “मग असेल.”

उजळणीत ती जागा पुन्हा आली. म्हातारा थबकला, पण हात वर केला नाही. तिसऱ्या वेळी नुसती मान हलली. पुरीमचा सण आला तोवर दोघं त्या जागेवरून एका दमात पुढे जाऊ लागले होते. पोराला बरं वाटलं. पाठ आता स्वच्छ झाला होता.

वल्हांडण झाल्यावर वर्म्सहून एक पंडित आले. त्यांच्याकडची प्रत पाण्यानं खराब झाली होती, आणि दोन भागीदारांत एका सापडलेल्या थैलीवरून तंटा लागला होता. निवाडा याच अध्यायातल्या एका ओळीवर अडला होता. त्यांनी ओळ वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “आमच्याकडे इथं अजून काही होतं. मला नक्की आठवतं, काहीतरी होतं. तुमच्यात नाही?”

पोरगा बोलणार तोच रब्बी म्हणाले, “पुस्तकाला कशाला विचारता? माइन्त्सचं पाठांतर समोर बसलंय.”

म्हाताऱ्यानं डोळे मिटले, मिटायची गरज नव्हती तरी. आणि चालीवर म्हटलं. एकही अडखळ नाही. ते चार शब्दही नाहीत.

पंडित म्हणाले, “पुस्तक आणि पाठांतर दोन्ही एकच सांगतात, म्हणजे मीच चुकलो.” त्यांनी टाक हातात घेतला.

तेव्हा पोराच्या पोटात गोळा आला. दोन साक्षीदार कुठले, दोन्हीकडे तो एकटाच बोलत होता. पुस्तकातून त्यानं शब्द चाकूनं काढले होते, आणि आंधळ्या माणसाच्या डोक्यातून रोज वाचून वाचून.

“थांबा,” तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. रब्बींनी विचारलं, “शब्द कोणते होते?” पोराला एवढंच आठवत होतं की मागच्या ओळीतलेच होते, थोड्या फरकानं. तो थोडा फरक कोणता, ते आठवेना. निवाडा त्या फरकावरच अडला होता.

मग त्या चौघांनी दुपारभर जे केलं ते मला या गोष्टीत सर्वांत आवडतं. म्हाताऱ्यानं अध्यायाच्या सुरुवातीपासून म्हणायला घेतलं, वेगानं, लहानपणच्या वेगानं, म्हणजे जीभ स्वतःच तिथं जाऊन पडेल. पाच-सहा वेळा म्हटलं. शब्द आले नाहीत. पण एका वेळी तो म्हणाला, “चाल तिथं संपत नाही. चालीला अजून जागा लागते. काहीतरी होतं, ते खरं.” रब्बींनी पान खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. शाई कातड्यात मुरली होती. पहिले दोन शब्द तपकिरी, पुसट, पण वाचता आले. तिसऱ्याचं काहीच नाही. चौथ्याची ओळीखाली उतरलेली एक शेपटी तेवढी राहिली होती.

“शेपटी असलेली अक्षरं मोजकी आहेत,” पंडित म्हणाले. “अर्थ लावून भरता येईल.” त्यांनी तीन पर्याय सुचवले. तिन्ही चांगले होते, आणि प्रत्येकानं थैली वेगळ्या माणसाला मिळत होती.

“आजोबा, तुम्हाला कोणता वाटतो?” पोरानं विचारलं.

“मला आता विचारू नकोस,” म्हातारा म्हणाला. “तू जे तीनदा वाचशील ते मला चौथ्या वेळी माइन्त्सचं वाटेल.”

रब्बींनी ओळ तशीच ठेवायला सांगितली. वर्म्सच्या भागीदारांना तडजोड करायला लावायचं ठरलं. आणि पोराला म्हणाले, “तू समासात लिही. काय केलंस तेच लिही.” पोरानं लिहिलं, की इथं चार शब्द होते, ते मी पुनरुक्ती समजून खरवडले, दोन वाचता आले ते असे, दोन मला माहीत नाहीत. नाव घातलं नाही. लाज वाटली.

म्हातारा पुढच्या हिवाळ्यापर्यंत राहिला नाही. पोराची प्रत मात्र फिरली, तिच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या. समास मोठी कामाची जागा आहे. पुढे १५२० ते १५२३ च्या दरम्यान व्हेनिसमध्ये बोम्बर्ग या मुद्रकानं संपूर्ण तल्मूद छापला तेव्हा मजकूर मधोमध, आतल्या बाजूला राशी, बाहेरच्या बाजूला राशींशी भांडणारे त्यांचे नातू आणि त्यांचे शिष्य, अशी पानाची रचना कायमची बसली. पण हाताच्या नकलेत समासाला कुंपण नसतं. घाईतला लेखनिक बाजूचं टिपण राहून गेलेला मजकूर समजतो आणि ओळीत घालतो.

आपला लेखनिकही यथावकाश रब्बी झाला, म्हातारा झाला. एके दिवशी विद्यार्थ्यांनी कुठूनशी एक नवी, सुबक प्रत आणली आणि तोच अध्याय लावायला घेतला. तो कोपऱ्यात बसून ऐकत होता. ऐकता ऐकता ताठ झाला. ओळीच्या मधोमध, ऋषींच्या वादात, त्याचंच वाक्य होतं: मी खरवडले, दोन मला माहीत नाहीत.

विद्यार्थ्यांत जुंपली होती. हा ‘मी’ कोण? एक म्हणे, बाबिलोनियातलाच कोणी. दुसरा म्हणे, भाषा बघ, हा गालीलचा. तिसऱ्यानं फारच सुंदर सिद्धान्त मांडला, की खरवडणं म्हणजे इथं मालकानं हरवलेल्या वस्तूची आशा सोडणं. सगळा अध्याय त्याच प्रश्नावर आहे, तेव्हा हे किती चपखल बसतं बघा! म्हाताऱ्यालाही क्षणभर ते पटलं.

“अरे, तो मी,” तो म्हणाला.

पोरं हसली. मग त्याचा चेहरा पाहून गप्प झाली. एकानं अदबीनं विचारलं, “मग हे काढून टाकू का, रब्बी?” आणि चाकू उघडला.

“ठेव तो!” म्हातारा एवढ्यांदा ओरडला की शेजारच्या खोलीतली लहान मुलं पाठ म्हणायची थांबली. “बाजूला लिही.”

“काय लिहू?”

“लिही, की हे वाक्य ज्यानं लिहिलं तो माणूस अजून जिवंत आहे, आणि तो म्हणतो की हे इथलं नाही.”

पोरानं मुकाट्यानं समासात तेवढं लिहिलं. मग टाक खाली न ठेवताच वर बघून म्हणाला, “पण रब्बी, याला आधार काय?”