जोखीम कुणाची?

रायपूरहून नागपूरकडे निघालेली गाडी सत्तरेक किलोमीटरवर राजनांदगावला थांबते. हिंदी वाचकाला हे गाव मुक्तिबोधांमुळे ठाऊक असते. मराठी घरातला हा हिंदी कवी तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत असे. मराठी वाचकाने मात्र याच मार्गावरचा आणखी एक प्रवास आठवावा. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. डब्यातल्या एका युरोपीय प्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या आणि निरोप घेताना त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

श्रद्धेसाठी सुखाचा कोपरा सोडावा, असे सांगताना मराठी ख्रिस्ती समाजात टिळकांचे उदाहरण हमखास दिले जाते. ते योग्यच आहे. जात, आप्त, ब्राह्मण कवी म्हणून मिळणारा मान, हे सगळे त्यांनी एका दिवसात पणाला लावले. मी ख्रिस्ती नाही. या कथेकडे मी अनुवादाच्या वाटेने आले आणि माझी अडचणही एका क्रियापदापासून सुरू झाली. हिंदीत जोखीम ‘उठवतात’, मराठीत ती ‘पत्करतात’. उचलण्यात बळ लागते. पत्करण्यात संमती लागते. टिळकांनी जोखीम पत्करली, हे वाक्य बिनचूक आहे. पण त्याच दिवशी लक्ष्मीबाईंच्याही आयुष्यावर जोखीम आली. त्यांच्यासाठी कोणते क्रियापद वापरायचे?

लक्ष्मीबाईंना कुणी विचारले नव्हते. १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या या काळाविषयी लिहितात, तेव्हा हसवता हसवता मध्येच वाचकाचा घास अडकवतात. नवरा जिवंत आहे, पण परका झाला आहे. सौभाग्य आहे, पण संसार नाही. पदरी लहान मूल आहे. विधवेला तरी समाजाने एक जागा ठरवून दिली होती, वाईट का होईना. या बाईला तीही नव्हती. टिळकांच्या धैर्याचे बिल असे दोघांच्या नावावर फाटले.

मग टिळकांनी थांबायला हवे होते काय? घरातल्या सर्वांची संमती मिळेपर्यंत ज्याने श्रद्धा लांबणीवर टाकली, त्याची श्रद्धा बहुधा लांबणीवरच राहते. शिवाय लक्ष्मीबाईंची ताटातूट एकट्या टिळकांनी घडवली, असेही म्हणता येत नाही. बाटलेल्या नवऱ्याशी बायकोने संबंध ठेवू नये, हा नियम टिळकांचा नव्हता, जातीचा होता. श्रद्धा बदलणाऱ्याने एक पाऊल टाकले. त्या पावलाची किंमत किती असावी, हे भोवतालच्या समाजाने ठरवले. या दोन गोष्टी आपण एकाच खात्यात मांडतो, आणि मग टिळक एक तर निष्ठुर ठरतात किंवा संत.

मत्तयच्या शुभवर्तमानात तीन चाकरांची गोष्ट आहे. धनी परगावी जाताना त्यांच्यापाशी पैसा सोपवतो. दोघे व्यापार करून तो वाढवतात. तिसरा भीतीने पुरून ठेवतो आणि धनी परतल्यावर जसाच्या तसा हाती देतो. धनी रागावतो तो या तिसऱ्यावर. सुखासीन श्रद्धेविरुद्ध बोलताना ही गोष्ट नेहमी सांगतात. त्यातली एक बाजू मात्र सहसा निसटते : पहिल्या दोघांनीही जोखीम घेतली ती दुसऱ्याच्या पैशावर. त्यांना तो हक्क होता, कारण धन्याने तो आपणहून सोपवला होता. लक्ष्मीबाईंनी आपले आयुष्य असे पणाला लावायला कुणाकडे सोपवले होते? लग्नात सोपवले, असे त्या काळचा समाज म्हणाला असता. आपल्याला आज तसे म्हणता येणार नाही.

टिळकांनी दुसरी मोठी जोखीम घेतली ती १९१७ मध्ये. तोवर ते अमेरिकन मराठी मिशनमधले मान्यवर होते. त्यांची पदे चर्चमध्ये गायली जात होती. ज्या धर्मासाठी घर सोडले, त्या धर्मातच आता घर झाले होते. त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते गेले. मला ही दुसरी उडी पहिलीहून अवघड वाटते. परक्यांचा रोष पत्करणाऱ्याला आपल्यांचा आधार असतो. आपल्यांच्याच उबेतून उठून जाणाऱ्याला तोही नसतो.

पण या कथेतली सर्वांत खरी जोखीम मला लक्ष्मीबाईंची वाटते. त्या टिळकांकडे परतल्या तेव्हा ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. सोवळेओवळे सांभाळत त्या ख्रिस्ती वस्तीत राहिल्या. आधी जातिभेद मनातून गळून पडला, कुणाच्याही हातचे पाणी चालू लागले. श्रद्धा त्यानंतर आली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागे फरफटत जाण्याची सोय असताना त्यांनी ती वापरली नाही. आपल्यावर लादली गेलेली जोखीम त्यांनी वर्षानुवर्षे जोखून पाहिली आणि मग पत्करली. तिथे मराठी क्रियापद शेवटी नेमके बसते.

हा सगळा इतिहास शंभर वर्षांमागचा म्हणून मिटून ठेवता आला असता. पण मी छत्तीसगडमध्ये राहते. जानेवारी २०२५ मध्ये बस्तरमधल्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा मृतदेह जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होता. गावात दफन करायला विरोध होता. आधीच्या पिढीला त्याच गावात माती मिळाली होती. मुलगा उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली, आणि अखेर वीसेक किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. श्रद्धा बापाची, आणि तिचा हिशेब चुकवत न्यायालयाच्या पायऱ्या चढणारा मुलगा, असे म्हणून इथेही थांबता येईल. पण त्या बापाने मुलाला काही भयंकर करायला लावले नव्हते. मेल्यावर गावची माती मागणे ही काही जोखीम नव्हे. ती जोखीम इतरांनी केली.

रायपुरात बसून श्रद्धेने सुखासीन असू नये, असे म्हणणे मला सोपे आहे. माझे नाव, माझी भाषा, माझे सणवार, यांपैकी कशासाठीही मला इथे किंमत द्यावी लागत नाही. ज्याला द्यावी लागते, त्याला धैर्याचा उपदेश करण्याचा अधिकार माझ्यासारखीला फारसा नाही. धाडस करायचे की नाही, हे ज्याचे त्याने आणि ज्याच्या घरावर ते येणार त्यांच्याशी बोलून ठरवावे. त्या धाडसाची किंमत वाढवणाऱ्यांत आपण नाही ना, एवढे तपासणे मात्र आपल्या हातात आहे. आणि ते केले, तर आपल्याही सुखाला थोडा धक्का बसल्याशिवाय राहत नाही.