दुर्मिळ वस्तूचें मोल

मनुष्याला एखादी वस्तु प्रिय असते ती तिच्या अंगच्या गुणांमुळें, कीं ती इतरांजवळ नाहीं म्हणून? प्रश्न दिसावयास लहान. परंतु संग्राहकानें तो स्वतःच्या कपाटापुढें उभें राहून विचारिला, तर उत्तर देणें अवघड जातें. आम्हांस परदेशी ध्वनिमुद्रिका जमविण्याचें व्यसन आज वीस वर्षें जडलें आहे; तेव्हां पुढील विवेचन दुसऱ्याच्या दोषांविषयीं आहे, असा समज वाचकांनीं करून घेऊं नये.

ज्या तबकडीमुळें हा विचार सुचला, तिचा आमच्या अहमदनगराशीं, म्हणजे आतांच्या अहिल्यानगराशीं, निकटचा संबंध आहे. दौंडच्या रस्त्यावर अरणगांवाजवळ मेहेराबाद येथें मेहेरबाबांची समाधि आहे. बाबांनीं १० जुलै १९२५ रोजीं धरलेलें मौन ३१ जानेवारी १९६९ रोजीं देह ठेवीपर्यंत पाळिलें. त्यांच्या विलायती अनुयायांपैकीं ‘द हू’ या वाद्यवृंदाचे पीट टाउनशेंड यांनीं १९७० सालीं ‘हॅपी बर्थडे’ नांवाची तबकडी स्नेह्यांच्या साह्यानें काढिली. ती मुख्यतः भक्तमंडळींकरितां असल्यामुळें प्रती मोजक्याच होत्या. पुढें तिच्या चोरट्या नकला निघूं लागल्या, आणि १९७२ सालीं ‘हू केम फर्स्ट’ ही तबकडी राजरोसपणें बाजारांत आली. भक्तीपोटीं काढिलेली ती पहिली तबकडी आज लिलावांत चढ्या भावानें जाते.

आंतरजालावरील लिलावाची एक रीत अशी, कीं आपण आपली कमाल रक्कम गुप्तपणें नोंदवून ठेवावी. यंत्र मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून एक पायरीच वर चढतें. म्हणजे आपण देतों तें मोल आपल्या इच्छेपेक्षां हरलेल्या मनुष्याच्या इच्छेनें ठरलेलें असतें. ती तबकडी आमच्या नांवावर पडली तेव्हां पहांटेचे तीन वाजले होते, आणि अर्ध्या महिन्याचें वेतन खर्चीं पडलें होतें. त्या क्षणीं गाण्याची आठवणही झाली नाहीं. पलीकडचा कोणी अनामिक हरला, याचाच आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे.

तबकडी ‘मिंट’ प्रतीची, म्हणजे टांकसाळींतून आतांच पडल्यासारखी कोरी होती. सुई फिरली कीं खांच किंचित् झिजते, आणि झिजलेल्या प्रतीचा भाव उतरतो. म्हणून आम्हीं ती न वाजवितां कपाटांत ठेविली. अशीं दोन वर्षें गेलीं. एके दिवशीं अरणगांवाकडील एक वृद्ध शेतकरी नातवाच्या प्रवेशासंबंधीं विचारावयास आमच्या घरीं आले. लहानपणीं त्यांनीं बाबांस पाहिलें होतें. आम्हीं मोठ्या अभिमानानें त्यांस तबकडी दाखविली.

“बाबा तर बोलत नव्हते, सर. मग ह्यात हाय काय?”

“गाणीं आहेत.”

“मग लावा की!”

आम्हीं ती लावली नाहीं. यंत्र नादुरुस्त आहे, असें खोटें सांगितलें. ते बिचारे “बरं” म्हणाले, चहा घेऊन निघून गेले.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. सुराची गोडी तबकडींत असते. तिचा दुर्मिळपणा मात्र इतरांच्या रिकाम्या हातांत असतो. गाण्याचें सुख चार जणांत वांटल्यानें घटत नाहीं. दुर्मिळतेचें सुख वांटतांच नाहींसें होतें. यास्तव जो केवळ दुर्मिळतेवर प्रेम करतो, त्यास इतरांचें उणें राहणें आवश्यक होऊन बसतें, आणि तें टिकविण्यासाठीं प्रसंगीं खोटेंही बोलावें लागतें.

यावर कोणी म्हणेल, संग्राहक नसते तर जुनें संगीत उरलें असतें काय? आक्षेप रास्त आहे. १९०२ सालीं गाइसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहर जान यांचें गायन मुद्रित केलें. त्या काळच्या लाखेच्या तबकड्या हातांतून पडतांच फुटत. त्यांपैकीं ज्या उरल्या, त्यांतील कित्येक अशा वेड्या लोकांनीं जपल्या म्हणूनच. परंतु मुंबईस १९९० सालीं स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेनें तबकड्या ऐकविण्याच्या बैठकीही भरविल्या, हें विसरून चालणार नाहीं. जपणें हें ऐकविण्यासाठीं असेल तर संग्राहक विश्वस्त ठरतो. ऐकविणें टाळण्यासाठीं असेल तर तो नुसता पहारेकरी होय, आणि पहाराही कोणापासून, तर ज्यांच्यासाठीं ती वस्तु निघाली त्यांच्यापासूनच!

पुढच्या रविवारीं आम्ही यंत्र व तबकडी घेऊन त्या वृद्धांच्या घरीं गेलों. यंत्र दुरुस्त झालें, असें सांगितलें. हें दुसरें खोटें. ओसरीवर नातवंडें भोंवतीं बसलीं, सुई टेकली, आणि तबकडीचा भाव त्याच क्षणीं उतरला. वृद्धांनीं एक बाजू शांतपणें ऐकिली. शब्द त्यांस कळले नसावेत. मग त्यांनीं विचारिलें, “सर, दुसऱ्या बाजूला काय हाय?”

दोन वर्षें ती तबकडी आमच्या मालकीची होती. दुसऱ्या बाजूला काय आहे, हें आम्हांस ठाऊक नव्हतें.